चार नंबर थांबली की सगळं थांबतं

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चार नंबरच्या करवतीने संगमरवराची एक लादी कापून संपवली, आणि त्याबरोबर कारखाना बंद पडला. सगळा. चौदाच्या चौदा करवती, दोन्ही क्रेन, पाण्याचे पंप, पॉलिशचा पट्टा आणि पॉलिशवाल्यांचा रेडिओसुद्धा.

विजेचा मुख्य बोर्ड एकदा पडला की पुन्हा चालू करायला वीस मिनिटं लागतात, कारण प्रत्येक करवतीचं पातं आधी दगडातून बाहेर काढावं लागतं. त्या वीस मिनिटांत कामगारांनी कॉफी केली. साडेनवाला काम सुरू झालं. दहा वाजून पाच मिनिटांनी चार नंबरने दुसरी लादी संपवली. कामगारांनी दुसरी कॉफी केली.

ग्रीसमधल्या द्रामा गावाबाहेरच्या त्या कारखान्यात मंगळवार दुपारपर्यंत हे अकरा वेळा झालं. कामगारांची काहीही तक्रार नव्हती. फोरमन योर्दानिसने घरून तावलीचा, म्हणजे फाशांच्या खेळाचा, पट आणि सोंगट्या आणल्या होत्या. चार नंबरवर काम करणाऱ्या माणसाशी, ज्याच्याशी एरवी कुणी धड बोलत नसे, लोक आता अदबीने वागत होते. "आज जरा लहान लाद्या काप की," असं त्याला येताजाता सुचवलं जात होतं.

वरच्या मजल्यावर स्तमातिया कुर्तिदूला प्रत्येक वेळी ती शांतता ऐकू येई. करवती चालवणारा प्रोग्राम तिचा होता. तिने तो एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला होता आणि त्यात एकही चूक नाही असं ती तेव्हापासून सांगत आली होती. आधी लोकांनी विश्वास ठेवला नव्हता, मग ठेवला, आणि मग त्यांना त्याचा कंटाळा आला होता.

आता नावांचा घोळ सांगायला हवा. स्तमातियाच्या आजीच्या वडिलांना ओळीने पाच मुली झाल्या. पाचवीचं नाव त्यांनी स्तमातिया ठेवलं. ग्रीकमध्ये 'स्तमाता' म्हणजे 'थांब'. वरपर्यंत निरोप पोहोचावा एवढाच हेतू. निरोप पोहोचला नसावा, कारण त्यानंतर आणखी दोन मुली झाल्या. या पाचव्या मुलीला पुढे दोन मुलगे झाले, अनेस्तिस आणि लेफ्तेरिस, आणि रिवाजाप्रमाणे दोघांनीही आपापल्या थोरल्या लेकीला आईचं नाव दिलं. एकमेकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. विचारलं असतं तर भांडण झालं असतं. दोन्ही लेकींमध्ये एकोणीस वर्षांचं अंतर पडलं, पण दोघीही स्तमातिया कुर्तिदू झाल्या, दोघीही प्रोग्राम लिहायला शिकल्या, आणि धाकटी गेल्या वर्षी श्टुटगार्टहून परत आल्यापासून दोघी एकाच खोलीत समोरासमोर बसत होत्या.

धाकटीला घरचे मातिना म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. थोरलीला ती गमतीने 'नामभगिनी' म्हणे. कागदावर मात्र दोघी 'एस. कुर्तिदू'. असे घोटाळे घराघरात असल्यामुळे सरकारने प्रत्येक फॉर्मवर बापाच्या नावाचा रकाना ठेवला आहे. प्रोग्रामच्या फाईलवर तो रकाना नसतो.

मंगळवारी दुपारी बाराव्या कॉफीला मालक, कीर पोलिक्रोनिस ('कीर' म्हणजे आपलं 'श्री'), स्वतः जिना चढून वर आले. मागोमाग योर्दानिस छापलेले कागद घेऊन आला. कीर पोलिक्रोनिस चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि कुठल्याही वस्तूवर बोटाच्या पेराने टकटक करून तिचा आवाज ऐकल्याशिवाय तिच्याबद्दल मत देत नसत. त्यांनी कॉम्प्युटरवर टकटक केलं. आवाज त्यांना आवडला नाही.

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी कागद पुढे केला. "वर नाव आहे एस. कुर्तिदू. कोण ही?"

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

"वा," योर्दानिस म्हणाला. "मिटलं मग."

"लिहिलं मी," स्तमातिया म्हणाली. "पण एकोणीस वर्षं चालतंय ते, कीर पोलिक्रोनिस. एकदा तरी असं झालं का? मग या बाईसाहेबांनी ईस्टरला कंपायलर बदलला."

"तो काय असतो?"

"आपण लिहितो ते मशीनला समजेल असं करून देतो."

"दुभाष्या."

"दुभाष्याच म्हणा."

"बदलला कशाला?"

"चार नंबरचा जुना कॉम्प्युटर मेला," मातिना म्हणाली. "नव्यावर जुना कंपायलर चढत नाही. म्हणून सोमवारी नवा प्रोग्राम आधी फक्त चार नंबरवर घातला. बाकीच्या तेरा अजून जुन्याच प्रोग्रामवर आहेत."

"म्हणजे नव्या दुभाष्याला काम येत नाही."

"तेच तर मी सोमवारपासून सांगतेय," स्तमातिया म्हणाली.

"त्याला चांगलं येतं," मातिना म्हणाली. "जे लिहिलंय तेच तो सांगतोय."

"आणि लिहिलंय कुणी?" असं विचारून कीर पोलिक्रोनिस पुन्हा कागदाच्या डोक्यावर आले, तिथे एस. कुर्तिदू होती, आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"ऐका दोघी. शुक्रवारी बाराला इटलीतल्या वेरोनाहून माणूस येतोय, तेबाल्दी. सगळ्या करवतींचा तयार प्रोग्राम घेऊन. त्याला मी नुसतं जेवायला घालून परत पाठवणार होतो. आता कागदावर सही करून पाठवणार. तोपर्यंत चार नंबर नीट झाली तर बघू. नाही झाली तर हे सगळं," त्यांनी कागदांवर टकटक केलं, "कचऱ्यात. आणि मला सांगायचं, का झालं. 'झालं बरं आता' असं नको. माझा कारखाना का थांबतो हे मला कळलं पाहिजे."

ते जिना उतरत असताना चार नंबरने लादी संपवली.

चार नंबर बंद ठेवता येत नव्हती, कारण सगळ्यात मोठे ठोकळे तीच कापते. तिला पुन्हा जुना प्रोग्राम देता येत नव्हता, हे वर आलंच. तेव्हा स्तमातियासमोर तीन दिवस होते.

तिच्या प्रोग्रामचा सगळा जीव होता तो एका साच्यात. चौदा करवतींसाठी चौदा प्रोग्राम लिहिण्याऐवजी तिने एकच साचा लिहिला होता. 'टेम्प्लेट' म्हणतात त्याला. साच्यात करवतीची एक जागा रिकामी असते. तिथे करवतीची जात भरली की त्या जातीचा प्रोग्राम तयार होतो, आणि त्या जातीचं जे काही असेल ते साच्याला घरचं म्हणून वापरायला मिळतं. प्रत्येक जातीची थांबायची रीत निराळी: पात्यांची करवत हळूहळू थांबवावी लागते, हिऱ्याच्या तारेच्या करवतीचा आधी ताण सोडावा लागतो. म्हणून प्रत्येक जातीला स्वतःचं 'स्तमाता' होतं. आणि सगळ्या जातींच्या बाहेर, अंगणात म्हणावं तसं, आणखी एक मोठं 'स्तमाता' होतं. आग लागली किंवा भूकंप झाला तर त्याने मुख्य बोर्ड पाडायचा.

"दोन्हींना एकच नाव कशाला दिलंस?" मातिनाने विचारलं.

"कारण दोन्हींचा अर्थ थांब. आपल्या घरात दोघींचं एकच नाव आहे, काय बिघडलं?"

"शाळेत माझी फी माफ करणारं पत्र तुला गेलं होतं."

"मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. परत दिलं मी ते."

"दोन वर्षांनी."

मातिनाने मग एक साधा प्रयोग केला. दोन्ही 'स्तमातां'मध्ये एकेक ओळ घातली. करवतीच्या आतल्याने म्हणायचं 'मी करवतीची', अंगणातल्याने म्हणायचं 'मी कारखान्याची'. मग टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तिने एक खोटी लादी कापायला लावली. लादी संपली. पडद्यावर आलं: 'मी कारखान्याची'.

स्तमातियाने चष्मा पुसला आणि पुन्हा चालवायला सांगितलं. पुन्हा तेच आलं.

"शक्य नाही," ती म्हणाली. "साच्यात मी नुसतं 'स्तमाता' लिहिलंय. साचा करवतीच्या घरातला आहे. घरात माणूस असताना अंगणातल्याला कोण हाक मारेल?"

"घर कुठलं ते वाचताना त्याला माहीतच नसतं ना. तू साचा लिहिलास तेव्हा करवतीची जागा रिकामी होती. नवा कंपायलर तिथे येतो, 'स्तमाता' वाचतो, या शब्दाचा करवतीशी संबंध आहे असं त्याला कुठेच लिहिलेलं दिसत नाही. मग तो शब्द तो तिथल्या तिथे उरकतो. ज्या घराचा पत्ताच नाही त्यात डोकवायला जात नाही. अंगणात एक 'स्तमाता' उभी दिसली, धरली तिला."

"जुना डोकवायचा."

"जुना लाडावलेला होता. करवत हातात येईपर्यंत शब्द तसाच ठेवायचा आणि मग घरातही शोधायचा. नियम तसा नाही. नव्हताच कधी."

"कधी म्हणजे?"

"तू लिहायच्या आधीपासून."

याच वेळी खाली अंगणात क्रेनवाल्याने ठोकळा जरा जास्तच आत आणला आणि योर्दानिस घसा फोडून ओरडला, "स्तमाता! स्तमाता म्हणतोय ना!" वर दोघींनी एकाच वेळी खिडकीकडे मान वळवली. दोघींनाही त्याचा राग आला.

"मग हे नव्या कंपायलरने चढवतानाच का नाही सांगितलं?" स्तमातियाने विचारलं. "तोंड नाही का त्याला?"

"अंगणातली सापडली की त्याला काय सांगायचं असतं? सापडली म्हणजे झालं. जिथे अंगणातही कुणी नव्हतं, तिथे त्याने बोंब मारलीच होती. तीनशे चाळीस ठिकाणी. ती सगळी ईस्टरच्या आठवड्यात मी दुरुस्त केली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. तू म्हणालीस, जर्मनीला गेलीस आणि तक्रारी घेऊन आलीस."

स्तमातियाला ते आठवत नव्हतं, पण वाक्य तिचंच वाटत होतं.

बुधवारी दुपारी मातिना जेवायला गेली तेव्हा स्तमातियाने खिडकी लावली. खिडकी उघडी राहावी म्हणून चौकटीत एक जाडजूड पुस्तक घातलेलं होतं. ते भाषेच्या नियमांचं पुस्तक होतं. तिने ते साचा लिहून झाल्याच्या पुढच्या वर्षी मागवलं होतं आणि मग, साचा चालतोच आहे म्हटल्यावर, खिडकीला दिलं होतं. त्याची एक बाजू उन्हाने पिवळी पडली होती आणि दुसरी पावसाने फुगली होती. साच्यांचं प्रकरण चौदावं. तिने बोट ठेवून ते वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग त्यातलं एक वाक्य कुणीतरी आपल्याला खिजवण्यासाठी मुद्दाम लिहिलंय का हे बघण्यासाठी तिसऱ्यांदा वाचलं. वाक्य साधं सरळ होतं. खुलाशाला दिलेलं उदाहरण तर तिच्या साच्यासारखं इतकं हुबेहूब होतं की तिने दरवाजाकडे पाहिलं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. 'स्तमाता'च्या आधी 'हीच' असा अर्थ होईल तो शब्द लावायचा: हीच जी कुणी करवत असेल, तिची 'स्तमाता'. मग कंपायलरला कळतं की करवत आल्याशिवाय हे ठरवायचं नाही. स्तमातियाने तो शब्द लावला, प्रयोग केला, पडद्यावर आलं: 'मी करवतीची'. चार मिनिटांचं काम. तिने ते मातिनाला दाखवलं तेव्हा मातिनाने नुसती मान डोलावली, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

मग दोघींनी मिळून शोधलं, आणखी कुठे एकच नाव घरातही आहे आणि अंगणातही. स्तमातियाला नावांच्या बाबतीत काटकसर करायची सवय होती. 'पाणी' करवतीलाही होतं आणि कारखान्यालाही. 'सोड' दोन होते, 'धर' दोन होते. एकूण एकतीस जागा निघाल्या. दुरुस्त झाली होती एक. बाकीच्यांचा रोजच्या कामाशी संबंध येत नव्हता, पण एका जागेमुळे, करवत जास्त तापली असती तर, कारखान्याचा मुख्य नळ उघडला असता आणि पॉलिशवाल्यांच्या पायाखालून पाणी गेलं असतं.

"उद्या नीट तपासून शुक्रवारी फक्त पहिली लावू," मातिना म्हणाली. "बाकीच्या सावकाश, एकेक बघून. आणि कीर पोलिक्रोनिसना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी काही बोलणार नाही."

हे ऐकून स्तमातियाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याबद्दल दिवसभर वाईट वाटत राहिलं.

गुरुवारी योर्दानिस वर आला. त्याला सगळं कळलं होतं. कळलं कसं हा प्रश्न त्या कारखान्यात कुणी विचारत नाही.

"अगं, त्यात काय एवढं," तो म्हणाला. "कंपायलरवर घाल. तो काय उठून बोलणार आहे?"

"तो नाही बोलणार. पण आणला मातिनाने."

"मग दोघींवर अर्धं अर्धं घाल. नाव तर एकच आहे तुमचं. म्हातारा कुणाला ओरडायचं याच गोंधळात जेवायला जाईल."

"आणि ती?"

"ती जर्मनीत राहून आलीय. तिला सवय असेल."

"तुला तुझ्या कॉफ्या वाचवायच्या आहेत."

"कॉफ्या तर गेल्याच," योर्दानिस खरोखरच्या दुःखाने म्हणाला. "मी आता फक्त तुझं बघतोय. एकोणीस वर्षं 'चूक नाही, चूक नाही' म्हणून आमचे कान किटवलेस. खाली पोरांना कळलं तर तुला जिन्यावरून चालू देणार नाहीत."

शुक्रवारी पावणेबाराला सिन्योर तेबाल्दी आला. बूट इतके स्वच्छ होते की संगमरवराच्या कारखान्यात ते अपमानासारखे दिसत होते. त्याला ग्रीक येत होतं, पण ते त्याने एखाद्या माहितीपत्रकातून शिकलेलं असावं. हातात चामड्याची फाईल होती आणि फाईलमध्ये सहीची जागा रंगाने दाखवलेला कागद.

चार नंबरवर थासोस बेटावरच्या पांढऱ्या संगमरवराचा ठोकळा चढवला होता. सगळे जमले. कामगारांनी कुणाला दिसणार नाही अशा बेताने कॉफीचं भांडं आधीच शेगडीवर ठेवलं होतं. स्तमातिया खांबाला टेकून उभी होती, मातिना तिच्या बाजूला, पण खांबाला न टेकता.

बारा वाजून सात मिनिटांनी पातं लादीच्या टोकाला पोहोचलं. चार नंबर हळूहळू मंदावली, पाणी बंद झालं, पातं उचललं गेलं आणि ती थांबली.

बाकीच्या तेरा चालूच राहिल्या. रेडिओ चालू राहिला. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं, मग वरच्या दिव्यांकडे पाहिलं. शेवटी एकाने जाऊन शेगडी बंद केली. योर्दानिसने तावलीचा पट काखेत मारला आणि एका खोक्यामागे नेऊन ठेवला.

"अरे वा," सिन्योर तेबाल्दी म्हणाला. "अभिनंदन. आमच्या प्रणालीत ही सुविधा सुरुवातीपासून उपलब्ध आहे."

कीर पोलिक्रोनिसनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी नव्या लादीवर टकटक केलं, ऐकलं, आणि स्तमातियाकडे वळले.

"मग? काय झालं होतं?"

स्तमातियाने तोंड उघडलं. 'कंपायलर' हा शब्द जिभेच्या टोकावर तयार होता; तो गुरुवारपासून तिथेच बसून होता. मातिना करवतीकडे बघत होती, जणू तिने आयुष्यात पहिल्यांदाच करवत पाहिली.

"तुम्हाला म्हातारा प्रोद्रोमोस आठवतो?" स्तमातियाने विचारलं. "गेटवरचा?"

"देवमाणूस."

"स्तमातिया कुर्तिदूच्या नावाने पाकीट आलं की तो काय करायचा? लगेच कुणाला द्यायचा नाही. टोपीत ठेवायचा. कुठल्या गावाहून आलंय, कुणाच्या घरी काय चाललंय, सगळं बघायचा, आणि संध्याकाळी बरोबर माणसाच्या हातात द्यायचा. आता गेटवर अखिलेआस बसतो. तो कस्टममध्ये होता. पाकीट हातात पडलं की त्याच क्षणी भिंतीवरची यादी बघतो, पहिली जी कुर्तिदू दिसेल तिच्या खणात टाकतो. घरी जाऊन विचारत नाही. विचारणार कुठे? कुठलं घर हे पाकिटावर लिहिलेलंच नसतं."

"म्हणजे चूक अखिलेआसची."

"नाही. तो नियमाने वागतो. चूक पाकीट लिहिणाऱ्याची. 'अनेस्तिसची' एवढा एक शब्द लिहायचा राहिला. जुना कंपायलर म्हणजे प्रोद्रोमोस; तो होता म्हणून एकोणीस वर्षं कुणाला कळलं नाही."

"आणि पाकीट लिहिणारी कोण?"

"मी," ती म्हणाली. "अनेस्तिसची. मातिनाने उलट तीनशे चाळीस पाकिटं नीट केली, मी तिला त्याबद्दल बोल लावला."

मागे कुणीतरी शीळ घातली. "चूक नाही, चूक नाही," असं एकाने तिच्या आवाजात म्हणून दाखवलं, आणि ते इतकं तंतोतंत जमलं होतं की तिलाही हसू आवरेना.

कीर पोलिक्रोनिस मात्र हसले नाहीत.

"तसली पाकिटं अजून किती आहेत?"

इथे 'नाहीत' म्हणता आलं असतं. ते कुणालाही तपासता येणार नव्हतं.

"तीस."

"तीस," कीर पोलिक्रोनिसनी म्हटलं आणि ते इटालियन पाहुण्याकडे वळले. "आणि तुमच्यात किती?"

"एकही नाही, सिन्योर."

"शोधलीत का?"

"आम्हाला शोधण्याची आवश्यकता भासलेली नाही."

कीर पोलिक्रोनिसनी जरा विचार केला. "माझ्याकडे एक माणूस होता," ते म्हणाले. "कुठलाही ठोकळा दाखवा, भेग नाही म्हणायचा. खाणीवर ठोकळे निवडायला पाठवला होता त्याला. आता अंगण झाडायला ठेवलाय." मग त्यांनी पाहुण्याच्या हातातून तो रंगीत खुणेचा कागद घेतला, घडी करून खिशात घातला. सही केली नाही, परतही दिला नाही. "चला, जेवून घेऊ. बकरा थंड होईल."

स्तमातियाला जेवायला बोलावलं नाही. ते तिने शुभ मानावं की अशुभ हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून ती वर जाऊन यादी घेऊन बसली.

एक शब्द लावायचा एवढंच काम असतं तर तीस जागा संध्याकाळपर्यंत झाल्या असत्या. पण प्रत्येक जागी आधी आठवायला हवं होतं की एकोणीस वर्षांपूर्वी आपल्याला कोण अभिप्रेत होतं, घरातलं की अंगणातलं. मातिना मोठ्याने वाचत होती आणि स्तमातिया डोळे मिटून आठवत होती. पहिलं 'पाणी' करवतीचं. 'सोड' करवतीचं. तिसऱ्या जागी मातिना थांबली.

"हे भूकंपातलं आहे. जमीन हलली की 'स्तमाता'. इथे 'हीच' लावू?"

"थांब. लावू नकोस." स्तमातियाने डोळे उघडले. "इथे मला अंगणातलीच हवी होती. जमीन हलल्यावर एक करवत थांबवून काय करायचं? सगळा कारखाना थांबायला हवा."

"मग ही बरोबर आहे. नवा कंपायलर अंगणातलीच धरतोय."

"नवा धरतोय," स्तमातिया म्हणाली. "जुना घरात डोकवायचा."

म्हणजे जमीन हलली तर जुना प्रोग्राम फक्त धक्का कळलेली करवत थांबवणार होता. खाली तेरा करवती जुन्याच प्रोग्रामवर चालू होत्या. प्रत्येक करवतीला धक्का ओळखणारं यंत्र बसवलेलं होतं, वर्षातून एकदा त्याची तपासणी होई, आणि तपासणी करणारा माणूस एकाच करवतीला हलवून बघे. ती थांबे, बाकीच्या चालू राहत. तो शिक्का मारून जाई. एकोणीस वर्षांत तसा मोठा भूकंप झाला नव्हता, एवढ्याच कारणाने तिचा प्रोग्राम निर्दोष राहिला होता.

"आता हे सांगणार?" मातिनाने विचारलं. "आजच? कागद अजून त्यांच्या खिशात आहे."

"खिशात असेपर्यंतच सांगायला हवं."

"मग मी येते."

"नको. एकाच वेळी दोन स्तमातिया दिसल्या की ते गोंधळतात."

ती जिना उतरून खाली गेली. जिन्यावर दोघांनी "चूक नाही" म्हटलं, तिने ऐकलं नाही. मालकांच्या खोलीत जेवण संपलं होतं. सिन्योर तेबाल्दी अंगणात उभा राहून रुमालाने बूट पुसत होता. तिने दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं, पाकिटं आणि टोपी न आणता, सरळ. ज्या करवतीला धक्का कळला असता तेवढीच थांबली असती आणि बाकीच्या दगड कापत राहिल्या असत्या.

कीर पोलिक्रोनिसनी वर छताकडे पाहिलं. मग काचेतून करवतींकडे पाहिलं; ओठ हलवत त्यांनी त्या मोजल्या असाव्यात. मग खिशातून तो घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला, आणि बराच वेळ त्यावर बोटाच्या पेराने टकटक करत राहिले.

"आज जमीन हलली तर?"

"चार नंबरने सगळं थांबेल. तिला धक्का कळला तर."

"आणि बाकीच्या कधी करशील?"

"सोमवारी पाच, मंगळवारी पाच. बुधवारपर्यंत सगळ्या नव्या प्रोग्रामवर. तोपर्यंत योर्दानिसला मुख्य बोर्डाजवळ बसवून ठेवा. हाताने पाडायला."

"बसून राहायला त्याला कुणी शिकवावं लागणार नाही," कीर पोलिक्रोनिस म्हणाले. त्यांनी खण उघडला, कागद आत टाकला, खण लावला. "फाडत नाही मी तो. उरल्यात किती?"

"सत्तावीस."

"मग इथे काय करतेयस?"

तिने दार उघडलं आणि वरच्या खिडकीकडे बघून हाक मारली, "मातिना! चौथं वाच!"